साहेबाचा पावा

पुणतांबा,
१२ ऑक्टोबर २०२५

रॉबिन,

सलाम. पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या काळजाचा ठोका चुकला असेल. घाबरू नकोस, घरात कोणी गेलेलं नाही. बाबा आहेत, मी आहे, मांजर आहे. तू फोन उचलत नाहीस. मेसेज टाकला की दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे सामसूम. मग म्हटलं कागदावरच लिहावं. फाडायचा झाला तरी कागदाला हात लावावा लागतो.

लिहायचं कारण म्हणजे आपला पावा. आजोबांच्या ट्रंकेतला, पत्र्याचा, ज्याला आपण हात लावला की बाबांचा आवाज चढायचा तो. येत्या नाताळात आपल्या मंडळीला सव्वाशे वर्षं होतात. पाळकसाहेबांनी चर्चच्या व्हरांड्यात जुन्या वस्तू मांडायचं ठरवलंय. कोणी जुनं बायबल दिलंय, कोणी कंदील. आपल्याकडून साहेबाचा पावा हवा आहे, काचेच्या कपाटात, मधोमध. सोबत चिठ्ठी लिहून मागितलीय की तो कुठला, मिशनच्या कोणत्या गोऱ्या साहेबानं दिला, कधी दिला. बाबांना विचारलं तर म्हणाले, "साहेबानं दिला. बास. वाजत न्हाई तो, नुसता शोभेचा हाय." एवढ्यावर चिठ्ठी होत नाही.

म्हणून मी तो पहिल्यांदा नीट हातात घेतला. तुला आठवतो का? वीतभराहून थोडा मोठा, वर जाड, खाली निमुळता. तोंडाशी लाकडाची खुंटी ठोकलेली, पुढे सहा भोकं. पण शेवटचं भोक ओळीत नाही, डावीकडे सरकलेलं आहे. मागच्या बाजूला पत्र्याचा एक तुकडा डाख देऊन चिकटवलाय, तोही वाकडा. धरून पाहिला तर माझं बोट शेवटच्या भोकापर्यंत पोचेना. अडतीस वर्षं नर्सची नोकरी केली, नाजूक शिरेत सुई घातली, आणि या नळीपुढे माझे हात हरले. बाबा खुर्चीतून बघत होते.

त्यांचा उजवा हात आता फार थरथरतो. घास तोंडापर्यंत जाईस्तोवर अर्धा अंगावर पडतो. मीच भरवते. डाव्या हातात चमचा देऊन बघितला तर ताट ढकलून दिलं. डाव्या हातानं जेवायचं नाही म्हणजे नाही. हट्ट तुला ठाऊकच आहे.

तू गेलास त्या दिवसाचं लिहिणार नव्हते. पण ते टाळून तुला काय लिहू? तुझी आराधना तेव्हा लहान, टेबलाशी चित्र काढत होती. बाबांनी तिच्या डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्यात दिली. तिनं पुन्हा डाव्यात घेतली. मग बाबांनी खिशातून रुमाल काढला, आणि तो रुमाल बघून तू उठलास. लहानपणी तुझा डावा हात बाबा ज्यानं खुर्चीला बांधायचे तसाच पांढरा रुमाल. तुझी बॅग अजून उघडलीसुद्धा नव्हती. "हा माणूस आहे तोवर या घरात पाऊल टाकणार नाही," म्हणालास आणि लेकीला घेऊन कोइमतूरला परत गेलास. तुझ्यामागे मी बाबांना काय काय ऐकवलं ते ऐकायला तू थांबला नाहीस. मी तुला चूक म्हणत नाही.

पण बाबा आता सत्त्याऐंशीचे आहेत, रॉबिन. तुझं ते 'तोवर' संपायची वाट बघत बसायचं माझ्यानं होत नाही. तू त्याआधी यावंस एवढीच माझी इच्छा आहे, आणि ती मी प्रत्येक पत्रात लिहिणार आहे. कंटाळा आला तर येऊन भांड.

ताई


पुणतांबा,
२६ ऑक्टोबर २०२५

रॉबिन,

काल पावा घेऊन नगरला गेले. पाटीवर अहिल्यानगर झालंय, कंडक्टरच्या तोंडी अजून नगरच आहे. तिथे बजरंग म्हणून पेट्या-बासऱ्या दुरुस्त करणारे आहेत, आपल्या चर्चची पेटी तेच बघतात. माणूस भला, पण वस्तू हातात घेतली की डॉक्टरसारखा चेहरा करतात.

त्यांनी खुंटी बघितली, नळी तोलली, वास घेतला. मग मोबाईलची बत्ती लावून आत डोकावले आणि हसायलाच लागले. "बाई, विलायती न्हाई हे. या, बघा." मी डोळा लावला. आत, रॉबिन, हिरव्या पोपटाची शेपूट आहे. त्याच्याखाली देवनागरीत 'चहा' लिहिलंय, अर्धं. कुणीतरी चहाचा जुना डबा कापून, रंगाची बाजू आत ठेवून तो गुंडाळलाय. बाहेरून साधा पत्रा, आत पोपट. आजवर या घरात कुणालाही तो दिसला नव्हता.

मग बजरंगनी तो वाजवला, म्हणजे वाजवायचा प्रयत्न केला. आवाज येतो! मोठा गोड आवाज आहे, जरा घोगरा. पण त्यांची बोटंही शेवटच्या भोकाशी अडली आणि सूर कुठल्याच पट्टीत बसेनात. "भोकं चुकलीत," म्हणाले, "हात चांगला हुता करनाऱ्याचा, पर सुराचं ग्यान न्हवतं. पोराटोरांचं खेळनं हाय." पैसेही घेतले नाहीत, खेळण्याचे काय घ्यायचे म्हणाले.

मला वाईट वाटलं हे खरं सांगते. आपण केवढ्या ऐटीत सांगायचो शाळेत, आमच्या घरी साहेबाचा पावा आहे म्हणून. बाबा चर्चमध्ये गाणं शिकवायचे ते त्या साहेबाच्या आशीर्वादानं, असं मला उगीच वाटायचं. ज्या माणसानं साऱ्या मंडळीला सुरात गायला लावलं त्याच्या घरात बेसूर पावा.

एसटीत बसून तुझाच विचार करत आले. नाताळच्या भजनाला बासऱ्यांची रांग उभी राहायची, सगळ्यांच्या बासऱ्या एका बाजूला आणि तुझी एकट्याची उलट्या बाजूला, शेजारच्या पोराच्या बासरीवर ठणकन आपटायची. बाबांनी भर भजनात तुझ्या हातातून ती काढून घेतली. माझ्या भावाइतकं गोड त्या रांगेत कोणी वाजवत नव्हतं, हे मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आजही म्हणते. बाबांच्या दाढी करतानाच्या गुणगुणण्याची नक्कल तू बासरीवर करायचास, आठवतं? त्यात एक सूर नेहमी खाली पडायचा. एवढा सुराचा पक्का माणूस, आणि रोज सकाळी आरशापुढे तोच सूर चुकायचा. आपण पोट धरून हसायचो.

असो. पाळकसाहेबांना अजून काही सांगितलेलं नाही. विलायती नाही तर मग कुठला, हे कळेपर्यंत माझं डोकं शांत व्हायचं नाही. तू ये.

ताई


पुणतांबा,
९ नोव्हेंबर २०२५

रॉबिन,

सापडलं! आणि कुठे सापडलं म्हणशील तर आपल्याच स्वयंपाकघरात.

तेलाचा डबा संपला म्हणून नवा फोडला. आईचं जुनं नरसाळं काढलं आणि धुताना बोट त्याच्या सांध्यावर फिरलं. पत्र्याच्या दोन कडा एकमेकींत अडकवून चेपलेल्या, आणि टोकाला करंगळीच्या नखाएवढी घडी परत आत वळवलेली. ही घडी मी गेले पंधरा दिवस बोटानं चाचपत होते. धावत जाऊन पावा आणला. अगदी तीच घडी. आई पत्र्याची प्रत्येक वस्तू राहात्याच्या बाजारातून आणायची, दुसऱ्या कुणाकडून घ्यायची नाही. मग मी नरसाळं आणि पावा एकाच पिशवीत घातले आणि राहाता गाठलं.

बाजारातल्या गल्लीत पत्र्याचं काम करणारं आता एकच दुकान उरलंय. तिथे चांगुणाबाई भेटल्या, पंच्याहत्तरीच्या असतील. नातू धान्याच्या कोठ्या आणि पत्र्याच्या पेट्या करतो, ह्या बसून डाख देतात. मी नरसाळं पुढे केलं. त्यांनी ते हातात घेऊन पदरानं पुसलं. "आमच्या सासूचं हाय हे," म्हणाल्या. "रंगुबाईची घडी. कड आत वळवायची ती. पत्रा कुनाच्या हाताला लागू नाय म्हनून. दुसरं कोन एवढी दगदग करतंय?"

मग मी पावा काढला.

त्यांनी तो घेतला. पावा उलटा केला, सुलटा केला, मागच्या त्या वाकड्या तुकड्यावर अंगठा ठेवला. डावा अंगठा. डावा हात खाली, उजवा वर. आणि माझ्या डोळ्यांदेखत ते सरकलेलं भोक त्यांच्या बोटाखाली अलगद आलं. बजरंगची बोटं जिथे अडली, माझी जिथे अडली, तिथे चांगुणाबाईंचं बोट घरी आल्यासारखं बसलं.

"ह्यो डाव्या हाताचा हाय," म्हणाल्या. "मास्तराच्या पोराचा. सासू लई येळा सांगायची त्याचं."

त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहिते. "मिशनच्या शाळंत एक मास्तर हुता. कडक. त्याचं पोरगं डावखुरं. मास्तर त्याचा डावा हात सदऱ्याच्या आत बांधून ठिवायचा. शाळा सुटली की पोरगं आमच्या दुकानाम्होरं यून बसायचं, सासू गाठ सोडायची. मग ते तिची फुकनी घिऊन वाजवायचं. फुकनीला कुठली भोकं, पर ते आपलं बोटं नाचवायचं. सासू म्हनली, थांब, तुला भोकं पाडून देते."

आता पुढचं ऐक. रंगुबाईला गाण्यातलं काही कळत नव्हतं. पावा तिनं त्याआधी जत्रेत लांबून बघितला असेल. तिनं चहाचा डबा कापला, नळी वळली, खुंटी बसवली. मग चिमणीच्या काचेवरची काजळी पोराच्या बोटांना फासली आणि म्हणाली, धर, तुला जसं धरावंसं वाटतं तसं धर. पोरानं धरलं. जिथे जिथे काळे ठिपके उठले, तिथे तिथे तिनं भोकं पाडली. शेवटचं बोट आखूड, म्हणून ते भोक बाजूला. अंगठा जिथे टेकला तिथे मागे तुकडा. ओठाला लागू नये म्हणून तोंडाची कड आत.

मी तिथेच त्यांच्या पोत्यावर बसले, रॉबिन. मला रडू आलं. साऱ्या जगात सूर आधी ठरलेला असतो आणि आपण आपली बोटं त्यावर ताणत बसतो. या बाईनं आधी पोराची बोटं बघितली, मग त्यातून जो सूर निघेल तो निघेल म्हटलं. बाप शिकलेला, शाळा शिकलेली, चर्च शिकलेलं, आणि सगळे मिळून एका पोराचा हात बांधत होते. तिला हात बदलायचं सुचलंच नाही. तिनं पावा बदलला. मी इतकी वर्षं दवाखान्यात काढली, मोठमोठे डॉक्टर बघितले. असं माणसाकडे बघणारं मी फार थोडं बघितलंय.

"पुढं काय झालं त्या पोराचं?" मी विचारलं. "मास्तराची बदली झाली पुनतांब्याला," चांगुणाबाई म्हणाल्या. "पोरगं पावा घिऊन गेलं. परत कधी आलं न्हाई. सासू म्हनायची, वाजवत आसंल कुठंतरी."

राहात्याच्या मिशन शाळेतून बदलून पुणतांब्याला आलेले मास्तर म्हणजे आपले आजोबा. तुला माहीत आहे, त्यांना मुली चार आणि मुलगा एकच होता.

मी अजून बाबांशी बोललेले नाही. कसं बोलू ते कळत नाही. तू इथे असतास तर आपण दोघं त्यांच्यासमोर बसलो असतो.

ताई


पुणतांबा,
१६ नोव्हेंबर २०२५

रॉबिन,

हे पत्र मी दुपारपासून तीनदा सुरू केलं. तू शांतपणे वाच. मध्येच ठेवून देऊ नकोस.

काल दुपारी बाबा अंगणात लिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. मी पावा त्यांच्या मांडीवर ठेवला. नेहमीचंच म्हणाले, "ट्रंकंत ठिव. साहेबाचा हाय तो. वाजत न्हाई."

मी म्हटलं, "बाबा, मी राहात्याला गेले होते. रंगुबाईच्या दुकानात."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी विचारलं, "हाय का ती?" मी म्हटलं, नाही, सून आहे. त्यांनी मान हलवली. मग पावा उचलला. उजवा हात थरथरत वर गेला. डावा हात आपसूक खाली गेला, अंगठा त्या वाकड्या तुकड्यावर बसला, आखूड बोट त्या सरकलेल्या भोकावर. लहान पोराच्या मापाचा पावा आणि म्हाताऱ्याची बोटं, तरी बसली. डावा हात अजिबात थरथरत नव्हता. आणि पावा धरल्यावर उजव्याचंही थरथरणं निवलं. इतकी वर्षं ज्यांचा हात मी रोज बघते, त्यांचा हा हात मी पहिल्यांदा बघितला.

पहिल्यांदा नुसती हवा आली. मग सूर आला. त्यांनी काय वाजवलं असेल सांग! तेच, दाढी करतानाचं. आणि तो खाली पडणारा सूर बरोबर तिथेच पडला, रॉबिन. ते कधीच चुकत नव्हते. तो सूर त्या पाव्यातलाच आहे, रंगुबाईनं बोटाखाली पाडलेल्या भोकातला. सगळ्या मंडळीला त्यांनी पेटीच्या पट्टीत गायला लावलं आणि स्वतः रोज सकाळी आरशापुढे हे जपलं. आपण हसायचो त्याला.

वाजवून झाल्यावर मी विचारलं, साहेबाचा म्हणून का सांगत आलात. तर हसले. खरंच हसले. म्हणाले, "बापानं इचारलं, कुनाचा हाय? रंगुबाईनं डाव्या हातासाठी केला म्हनलं असतं तर चुलीत गेला असता. मी म्हनलो, साहेबानं दिला. साहेब तवा मायदेशी गेल्याला, इचारतो कुनाला! मंग बापानंच सोवता धुतल्या फडक्यात गुंडाळून ट्रंकंत ठिवला. वाजवायची बंदी. साहेबाची वस्तू म्हनून." आजोबांच्या भक्तीनंच पावा वाचवला म्हणायचा. मलाही हसू आलं आणि त्याच तोंडानं मी पुढचं विचारलं.

"मग रॉबिनचा हात का बांधलात?"

त्यांनी पावा मांडीवर ठेवला. तू समोर असल्यासारखे फाटकाकडे बघत बोलले. "पोरं हसायची मला. डाव्या हातानं जेवलो म्हनून पंगतीतनं उठवलं हुतं एकदा. म्हनलं, लहानपनीच हात वळला तर त्याला कुनी हसनार न्हाई. माजा वळला, त्याचा बी वळंल." मग आपल्या डाव्या हाताकडे बघितलं. "माजा तरी कुठं वळला," म्हणाले. "नुसता लपवला."

मी त्यांना माफ कर असं तुला सांगणार नाही. तो हिशेब तुझा आहे आणि आराधनाचा. बाबांनीही तसं काही म्हटलं नाही, त्यांना ते जमत नाही. त्यांनी दुसरं विचारलं. "त्या पोरीची बोटं केवढी झाली आसतील?"

मी म्हटलं, चौदाची झाली आता. पावा पोस्टानं पाठवू का तिला?

"नको. पत्रा चेपंल. यिऊन धरून बघू दे. बसला न्हाई तर रंगुबाईच्या सुनंला म्हनू, काजळी लावून दुसरा कर."

आज सकाळी पाळकसाहेबांना मी सगळं सांगितलं. ते जरा खट्टू झाले, साहेबाचा असता तर लोकांना बघायला आवडला असता म्हणाले. मी म्हटलं, लोकांना आवडेल असं मी करते. चिठ्ठी लिहून दिली: 'पत्र्याचा पावा. करणारी रंगुबाई, राहाता. डाव्या हातासाठी.' काचेच्या कपाटात सध्या मधोमध नुसती ती चिठ्ठी आहे. पावा बाबांनी दिला नाही, आधी पोरीची बोटं बघायची म्हणतात. नाताळच्या प्रार्थनेला चांगुणाबाईंना बोलावलंय. पुढच्या बाकावर बसवणार आहे, कुणाला काय वाटायचं ते वाटो.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. आज दुपारी मी नेहमीसारखी ताट घेऊन बाबांपुढे बसले. आमटी-भात कालवला, चमचा भरला. त्यांनी चमचा माझ्या हातातून काढून घेतला. डाव्या हातात. त्या पंगतीनंतर पहिल्यांदाच असेल. सगळं ताट त्यांनी त्या हातानं जेवून संपवलं, आणि सदऱ्यावर एक शीत सांडलं नाही.

हात धुतला, पुसला, आणि म्हणाले, "त्याला कळव."

म्हणून कळवते.

ताई